आकृतिबंधावर किती, टेबलावर किती?

ताई, एका 'क' वर्ग नगरपरिषदेत मुख्याधिकारी म्हणून माझं हे पहिलंच पोस्टिंग आहे. सात महिने झाले. आकृतिबंधात ११२ पदं मंजूर आहेत, कामावर ६१ माणसं. कर निरीक्षकाकडे दोन चार्ज आहेत. अभियंता आठवड्यातले तीन दिवस शेजारच्या नगरपंचायतीत असतो. अभिलेख कक्ष पावसात गळतो, महिलांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. कंत्राटी सफाई कामगारांचे पगार दोन-दोन महिने लांबतात. कुणाचं टेबल बदललं की तासाभरात फोन येतो. त्यात सगळं तोंडपाठ असलेले आमचे कार्यालय अधीक्षक चार महिन्यांनी निवृत्त होतायत. वर माणसं मागितली की 'भरती होईल तेव्हा' एवढंच उत्तर मिळतं. आधी कुठे हात घालू? माणसं, इमारत की शिस्त?
– एक मुख्याधिकारी

मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझी नजर ५१ रिकाम्या पदांवर अडकली, दुसऱ्यांदा त्या ६१ माणसांवर. माझं उत्तर त्या ६१ मध्ये आहे. ती ६१ माणसं या क्षणी नेमकी कुठे बसून काय करतायत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? हजेरीपत्रक बाजूला ठेवून सांगा.

मी लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. तेहतीस वर्षांत पाच नगरपरिषदा पाहिल्या. एकाही ठिकाणी कागद आणि टेबल जुळलेलं दिसलं नाही. सफाई कामगाराचा पगार घेणारा मुलगा आवक-जावक सांभाळतो, कारण तो बी.कॉम. झालाय आणि त्याला कॉम्प्युटर येतो. पदाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर तीन शिपाई बसलेले, पाणीपुरवठ्याकडे एकही नाही. व्हॉल्व्हमन म्हणून नेमलेला माणूस सहा वर्षं गाडी चालवतोय. इकडे झाडलोटीला माणसं कमी म्हणून आपण कंत्राट वाढवतो, तिकडे आपलाच कायम कामगार आत खुर्चीवर असतो. गाव एकाच कामाचे दोनदा पैसे भरतं.

यात त्या मुलाचा दोष नाही, हे आधीच सांगते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वडिलांच्या किंवा आईच्या जागी लागलेली पुष्कळ मुलं शिकलेली आहेत. हातात झाडू घेऊन आयुष्य काढावं असं त्यांना वाटत नसेल, तर ते मला पूर्ण पटतं. पण त्यावर तोंडी आदेशाची पळवाट काढली की त्याचं नुकसान होतं आणि परिषदेचंही. तो लिपिकाचं काम करतो, जबाबदारी घेतो, पण त्याच्या सेवापुस्तकात ते कुठेच येत नाही. चतुर्थश्रेणीतून लिपिकपदावर पदोन्नतीची वाट नियमात आहे. तुमच्याकडे त्याची ज्येष्ठता यादी शेवटची कधी अंतिम झाली? आस्थापना लिपिकाला विचारा. उत्तर द्यायला तो थांबला, तर समजा की पुष्कळ वर्षं झाली.

तेव्हा पहिले आठ दिवस एवढंच करा. एक तक्ता घ्या: नाव, मंजूर पद, प्रत्यक्ष काम, कधीपासून, आणि कुणाच्या आदेशाने. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात पुष्कळ ठिकाणी 'तोंडी' असं लिहावं लागेल. हा तक्ता कुणाकडून भरून मागवू नका, स्वतः फिरून भरा. पहाटे साडेपाचला हजेरी शेडवर जा आणि मुकादम नावं वाचतो तेव्हा शेजारी उभ्या राहा. एका गावात आमचे मुख्याधिकारी असे पहिल्यांदा आले, तेव्हा मुकादमाने तीन नावं वाचली आणि पुढचा 'हजर' आलाच नाही. साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी ती तिघंही शेडमध्ये होती.

तक्ता झाला की लगेच कुणाला हलवू नका. तुमच्या फोनच्या त्रासाचं मूळ मला इथेच दिसतं. तुम्ही एकेकाचं टेबल बदलता, म्हणून प्रत्येक बदल हा त्या माणसावरचा राग वाटतो आणि तो ओळखीच्या नगरसेवकाकडे धावतो. सगळ्यांचा मिळून एकच आदेश काढा, एकाच तारखेचा, आणि निकष आदेशातच लिहा: एका टेबलावर तीन वर्षं झालेले सगळे बदलतील, सफाई कामगार सफाईच्या कामावर जातील, ज्यांना आजारपणामुळे हलकं काम हवं त्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज करावा. आदेशावर सही करण्याच्या आदल्या दिवशी नगराध्यक्षांना भेटा आणि यादी समोर ठेवा. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने कर्मचाऱ्यांवरचं प्रशासकीय नियंत्रण मुख्याधिकाऱ्याकडे दिलेलं आहे, त्यामुळे परवानगी मागायला जाऊ नका. पण त्यांना बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळायला हवं. फोन तरीही येतील. तेव्हा म्हणा, 'यादीत निकष लिहिलाय, एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल.' पहिला अपवाद केलात की आदेश संपला.

आता त्या ५१ रिकाम्या पदांकडे वळू. ती एक संख्या म्हणून वर पाठवली की उत्तरही एका ओळीचंच येतं. त्याचे ढीग पाडा. अभियंता, लेखापाल, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक, अग्निशमन ही राज्य संवर्गातली पदं. ती नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून भरली जातात, त्यांच्या बदल्याही तिथूनच. २०२३ मध्ये संचालनालयाने अशा १७८२ पदांची जाहिरात काढली होती. अशा जाहिरातीमागे प्रत्येक परिषदेने पाठवलेली रिक्त पदांची माहिती असते. तुमच्याकडून गेलेली माहिती जुनी किंवा अर्धवट असेल, तर तुमची खुर्ची त्या हिशेबात धरलीच जात नाही. ती माहिती दर तिमाहीला तुमच्या सहीने, तारखेसह गेली पाहिजे.

दुसरा ढीग परिषदेच्या स्वतःच्या आस्थापनेवरच्या पदांचा. 'वरून होत नाही' असं आपण म्हणतो, आणि पुष्कळदा अडलेलं असतं आपल्याच कपाटात. बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद, अद्ययावत करून विभागीय आयुक्तालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून शेवटची कधी तपासून घेतली? ती तपासलेली नसेल, तर सरळसेवा आणि पदोन्नती दोन्ही अडतात आणि दोष शासनाला जातो. अनुकंपाची प्रतीक्षायादी काढा. वारसा हक्काची प्रकरणं काढा. त्यात एखादी विधवा असेल, जी तीन वर्षं दर महिन्याला येऊन बाकावर बसते आणि 'एक कागद कमी आहे' ऐकून परत जाते. तो कागद कोणता, हे तिला कुणी लिहून दिलेलं नसतं. माझ्या टेबलावर असं एक प्रकरण होतं. कमी होता तो कागद आमच्याच जन्म-मृत्यू विभागातून मिळायचा होता, दहा पावलांवर. बाईंना अकरा खेपा झाल्या होत्या. मी तेव्हा नवी होते आणि फाईलवरचा आधीचा शेरा तसाच पुढे लिहीत राहिले होते. त्याची खंत अजून आहे.

या दुसऱ्या ढिगातून पाच-सात माणसं मिळाली, तरी तुमच्यासारख्या कार्यालयाला ती मोठी भर आहे. उरलेली पदं लवकर भरणार नाहीत असं धरून चाला.

त्यामुळे ज्यांच्याकडे दुहेरी काम आहे, त्यांच्याशी सरळ वागा. कर निरीक्षकाला दोन चार्ज दिलेत, पण कोणतं काम बाजूला ठेवायचं ते कुणी सांगितलंय का? आपण जास्तीचं काम आदेशाने देतो आणि कमी काय करायचं ते त्याच्या नशिबावर सोडतो. मग वसुलीच्या हंगामात दाखले रखडतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे मुदत चुकली तर ५०० ते ५००० रुपये दंड त्याच्याच नावावर लागू शकतो. त्याच्याबरोबर बसून लिहून काढा: जानेवारी ते मार्च तो काय करणार, त्या काळात दाखल्यांच्या सह्या कोण करणार. अतिरिक्त कार्यभाराचं वेतन देय असेल, तर त्याचा प्रस्ताव तुम्ही स्वतःहून मांडा. त्याला मागायला लावू नका.

अभियंत्याचे वार ठरवा आणि दारावर मोठ्या अक्षरांत लावा. नागरिकाला माणूस रोज मिळाला नाही तरी चालतं, पण कधी मिळेल हे न कळणं फार छळतं. तो तुमच्याकडे असतो त्या दिवसांत त्याला बैठकांना बसवू नका. मोजमाप पुस्तिका, बांधकाम परवानगीच्या फायली आणि जागेवरची पाहणी, एवढंच.

आता स्वच्छतागृह. मॅडम, कडी आज बसवा. हे पत्र वाचून झाल्यावर, उद्या सकाळी नव्हे. त्यासाठी ना अंदाजपत्रक लागतं, ना सभेचा ठराव. मी जिथे लागले, तिथे महिलांच्या स्वच्छतागृहात फिनेलचे कॅन, जुने फलक आणि निवडणुकीचं सामान भरलेलं होतं. आम्ही चौघी समोरच्या एका घरात जायचो. त्या घरातल्या आजी कधी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या घरी पाहुणे असले की आम्ही दिवसभर पाणी पीत नसू. चार वर्षं असं चाललं. एकदा नवे मुख्याधिकारी आले, त्यांनी पाचव्या दिवशी सामान बाहेर काढायला लावलं, नळ बसवला, आरसा लावला. त्यांच्यासाठी मी पुढे कितीतरी रात्री उशिरापर्यंत थांबून काम केलं. शिस्तीचे आदेश कितीही काढा, त्या आरशाने जे केलं ते त्यांना जमलं नसतं. डस्टबिन, पाणी आणि दिवा, तिन्ही रोज बघण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

पहाटे येणाऱ्या सफाई कामगार बायका तर कार्यालय उघडायच्या चार तास आधी येतात. त्यांच्यासाठी हजेरी शेडला बंद दाराची खोली, पाणी आणि शौचालय आहे का? कपडे बदलायला आडोसा आहे का? 'स्वच्छ शहर' म्हणून भिंती रंगवण्याआधी हे व्हावं, असं माझं ठाम मत आहे. त्याचबरोबर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती कागदावर आहे की खरी, तेही बघा. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती लागते, अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती. कंत्राटी बाईलाही तिथे तक्रार करता येते, हे त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत, शेडवर जाऊन सांगायला हवं.

आणि मॅनहोलमध्ये माणूस उतरणार नाही, हा आदेश तुमच्या सहीने प्रत्येक मुकादमाच्या आणि कंत्राटदाराच्या हातात पोचवा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. पण मी पैशासाठी सांगत नाहीये. 'एकच मिनिट उतर, तुंबलंय' असं म्हणणारा माणूस नेहमी वर उभा असतो.

कंत्राटी पगाराचं दुखणं बहुधा कंत्राटदार आणि लेखा विभाग यांच्या मधल्या फटीत असतं. बिल येतं, भविष्य निर्वाह निधीचं चलान नसतं म्हणून परत जातं, पुन्हा येतं, हजेरी जुळत नाही म्हणून थांबतं. त्यात महिना जातो आणि पगार अडतो तो ज्याने काम केलं त्याचा. पगार महिना संपल्यावर सात दिवसांत व्हायला हवा, आणि कंत्राटदाराने दिला नाही तर मूळ नियोक्ता म्हणून जबाबदारी परिषदेवर येते. म्हणून बिलाच्या प्रत्येक टप्प्याला तारीख ठरवा: हजेरी कधी बंद होणार, बिल कधी येणार, लेखा विभाग आक्षेप कधी काढणार. आक्षेप एकदाच, सगळे एकत्र काढायचे, ही अट घाला. एकदा चलानावरची नावं घेऊन शेडवर जा आणि मोठ्याने वाचा. चलानावर असलेली पण शेडवर नसलेली, आणि शेडवर असलेली पण चलानावर नसलेली, दोन्ही प्रकारची माणसं सापडतील.

अभिलेख कक्षाच्या छपराला वेळ लागेल, निधी लागेल. तोवर ताडपत्री घाला आणि खालचे गठ्ठे जमिनीपासून वीतभर उचला. खरं काम आतलं आहे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेख असे सुधारले की आमच्या पिढीतल्या कारकुनांना 'लखिना पॅटर्न' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. अ, ब, क, ड वर्गवारी तीच आहे: 'अ' कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'ड' एक वर्ष. तुमच्या कक्षातला निम्मा तरी ढीग 'ड' निघेल असा माझा अंदाज आहे. तो नियमाने, यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट केला की 'अ' चे कागद कोरड्या भिंतीला येतील. जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर, मिळकतींची आकारणी, परिषदेच्या जागांचे मूळ दस्त, हे सगळ्यात आधी. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अभिलेख सूचीबद्ध ठेवा असंच सांगतं. ते केलंत तर माहिती अधिकाराच्या अर्जांवर तुमची माणसं रोज जो वेळ घालवतात, तो वाचेल.

फायलींबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे. राज्याच्या २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंधक कायद्यात फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये असं म्हटलंय. तेच माप धरा. दर सोमवारी प्रत्येकाच्या कार्यविवरण नोंदवहीचा, म्हणजे आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांच्या वहीचा, गोषवारा घ्या, पण अर्ध्या तासात उठा. आणि सगळ्यात जुनी पाच प्रकरणं तुमच्या टेबलावर आहेत का, हे आधी बघा. खालच्या लोकांना ते ठाऊक असतं.

आता तुमच्या अधीक्षकांबद्दल. पत्रात तुम्ही त्यांना सगळ्यात शेवटी ठेवलंत, माझ्या मते ते कडीच्या बरोबरीने पहिले आहेत.

एका गावात आमचा एक व्हॉल्व्हमन होता, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. तो आजारी पडून दवाखान्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीत पाणी चढेना. तीन दिवस माणसं रस्ते खणत होती, कारण कुठल्या गल्लीत कुठल्या दगडाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे, तो किती फेरे उघडायचा, हे फक्त त्याच्या डोक्यात होतं. शेवटी अभियंता आणि मी दवाखान्यात गेलो. कागद नव्हता, म्हणून त्याने त्याच्या एक्स-रेच्या पाकिटाच्या मागे नकाशा काढला. सलाईन लावलेल्या हाताने. 'इथे पिंपळ होता, आता नाही, पण खूण तीच धरा,' असं सांगत होता. ते पाकीट पुढे कितीतरी वर्षं पाणीपुरवठ्याच्या भिंतीवर काचेत लावलेलं होतं. नकाशात सतरा व्हॉल्व्ह होते. परिषदेच्या नोंदीत नऊ.

तुमचे अधीक्षक तसेच आहेत. त्यांना 'सगळं लिहून द्या' असं सांगू नका, ते लिहिणार नाहीत. आयुष्यभर टिपणी लिहिलेल्या माणसाला स्वतःला काय येतं ते लिहिता येत नाही. त्यांच्या जागी येणारा माणूस आजच ठरवा, प्रभारी असला तरी चालेल. दर गुरुवारी दुपारी दोघांना एका खोलीत बसवा. अधीक्षक बोलतील, दुसरा लिहील. विषय तुम्ही द्या. न्यायालयातली प्रकरणं: प्रत्येकाची पुढची तारीख, वकील, मूळ फाईल कुठल्या कपाटात. परिषदेच्या कुठल्या जागेवर कुणाचा ताबा आहे आणि त्याचा कागद कुठे. लेखापरीक्षणाचे कोणते आक्षेप अजून उघडे आहेत आणि ते का मिटत नाहीत. कोणत्या महिन्यात कोणता प्रस्ताव, कोणत्या कार्यालयात, कुणाच्या टेबलावर जातो. व्हॉल्व्ह, पंप आणि पाइपलाइन तर त्यांना आणि व्हॉल्व्हमनला बरोबर घेऊन प्रत्यक्ष चालत बघा, फोटो काढा.

आणि एक गोष्ट याच्याही आधी. त्यांचं पेन्शनचं प्रकरण आजच मागवा. चार महिने उरलेत म्हणजे उशीर झालेलाच आहे. सेवापुस्तकातली वेतन पडताळणी, रजेचा हिशेब, सेवेत खंड दिसत असेल तर तो नियमित केल्याचा आदेश, वारस नोंद, सगळं तुम्ही स्वतः तपासा. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांची सेवापुस्तकं पूर्ण केली, त्यांचं स्वतःचं अर्धवट निघण्याची शक्यता फार असते. ते गुरुवारी बोलायला बसतील, त्याआधी ते प्रकरण पुढे गेलेलं असू द्या, आणि जावक क्रमांक त्यांना तुम्हीच सांगा.